दोन बोटं माया

मी एक निळा ड्रेस बोलतोय. लोखंडी कपाटात, डावीकडून तिसऱ्या हँगरवर असतो. दिसायला अजून नवा आहे, कारण उभ्या आयुष्यात मी धड असा एकदाच मिरवलो.

मला मावशीने शिवलं. माझ्या मालकिणीची सख्खी मावशी, चौकातल्या अरुंद दुकानात तीस वर्षं मशीन चालवणारी. शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात, त्याला शिवणकामात माया म्हणतात. मावशीने माझ्या दोन्ही बाजूंना चांगली दोन-दोन बोटं माया ठेवली. "वाढतं अंग आहे पोरीचं," म्हणाली.

पोर सोळा वर्षांची. घरात सगळे तिला लाडाने ढब्बू म्हणत. चुलतभावाच्या लग्नात मला घालून ती काय खूश होती! उगाच गिरक्या घेत होती. मग जेवायला बसली आणि काका सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ढब्बू, कुठल्या गिरणीचं पीठ खातेस गं? ड्रेसची शिवण बघ, रडकुंडीला आलीय!"

सगळे हसले. तीही हसली. पण तिने पोट आत ओढून धरलं, ते फक्त मला कळलं. आणि काका, माझी शिवण अगदी मजेत होती हो. पोर ताट तसंच टाकून उठली.

दोन महिन्यांनी ती मला घेऊन दुकानात आली. "मावशी, जरा आत घे ना."

"अगं बाई, छान बारीक झालीस की!" म्हणत मावशीने आतून टीप मारली. आई शेजारणींना कौतुकाने सांगू लागली, "हिने मनावर घेतलंय." काका म्हणाले, "आता कशी शोभतेस!" त्या दिवशी ती काहीच जेवली नाही.

पुन्हा आत घेतलं. ती मला आरशासमोर घालून बघायची, तेव्हा मला तिच्या बरगड्या टोचायच्या. भर उन्हाळ्यात तिला थंडी वाजायची. डबा ती शाळेमागच्या कुत्र्याला घालायची आणि घरी रिकामा दाखवायची. आई खूश, कुत्रा खूश. मला संताप यायचा, पण कापडाचं ऐकतो कोण?

तिसऱ्यांदा आली तेव्हा म्हणाली, "आतलं कापड कापूनच टाक. त्याने मी जाड दिसते."

"माया कापली की पुन्हा सैल करता येत नाही, बाळा."

"मला नाहीच करायचं सैल."

मावशी घुटमळली. बाहेर दोन गिऱ्हाइकं ताटकळत होती. तिने कात्री उचलली. मला दुखलं. निळ्या पट्ट्या खाली पडल्या आणि संध्याकाळी केरात गेल्या.

पुढच्याच आठवड्यात पोर शाळेच्या जिन्यात कोसळली. डॉक्टर म्हणाले, उपासमारीने हृदय अशक्त झालंय. महिना झाला, ती दवाखान्यात आहे; आता कुठे जरा अंग भरलंय. उद्या दुपारी घरी आणणार आहेत.

म्हणून काल आई मला घेऊन मावशीकडे गेली. "ताई, हा सैल करून दे. तिचा आवडता आहे."

मावशीने मला उलटा केला. शिवणीवरून कितीतरी वेळ बोट फिरवत राहिली. "यात माया नाही राहिली गं," म्हणाली. "मीच कापली. माझ्या हाताने." आणि मशीनवर डोकं टेकून ढसाढसा रडली.

आईने मला घरी आणून इथे लटकवलं. "राहू दे," म्हणाली. "चांगला आहे. बसेल कधीतरी."

तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागलाय. ती कपाट उघडेल, मला अंगाला लावून बघेल. मी बसणार नाही. मग दोघांपैकी कुणीतरी बदलायला हवं, आणि मला तर आता बदलता येत नाही.

म्हणून बाह्या जोडून सांगतो. उद्या सकाळीच मला कापा. फरशी पुसायचं फडकं करा, माझी काही तक्रार नाही. फक्त ती घरात पाऊल टाकेल, तेव्हा मी या हँगरवर नको.