बारा गार डबे

आमच्या शाळेच्या स्वयंपाकघरात एकच पातेलं चढतं, कारण ऑफिसच्या तक्त्यात तसं लिहिलंय. भाज्या, मटण सगळं एकत्र शिजवायचं आणि भातावर वाढायचं. ज्या बारा पोरांच्या धर्मात मांस चालत नाही, त्यांना डब्यात ब्रेड, चीज आणि केळं. रोज. कडाक्याच्या थंडीतही. दुसरं पातेलं द्या म्हणून दोन वर्षं मी मुख्याध्यापकांच्या कानीकपाळी ओरडतेय. त्यांचं उत्तर मला पाठ झालंय: नियम सगळ्यांना सारखा, न खाणं हा त्या पोरांचा निर्णय. सारखा म्हणे.

सोमवारी जेवणाचे नवे फॉर्म आले. त्यांतल्या एकावर ‘काहीही चालेल’पुढे खूण होती. नाव वाचून मी चमकलेच. आमच्या भाजीवाल्याची मुलगी. केळं दोन्ही हातांत धरून कुरतडते म्हणून मी तिला खारूताई म्हणते. तिचा बाप रोज सकाळी माझ्या वहीत सही करतो, ती कोंबडीने पाय ओढल्यासारखी. फॉर्मवरची सही मात्र सुवाच्य, गोल गोल अक्षरांत. आणि हा माणूस मटणाच्या भांड्याला धक्का लागू नये म्हणून टोपल्या दारातच उतरवतो.

मी मुख्याध्यापकांना फॉर्म दाखवला. एक डबा कमी झाला, बरंच झालं, म्हणाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुपारी खारूताई गरम जेवणाच्या रांगेत उभी.

“बाबांना माहीत आहे?” मी हळूच विचारलं.

तिने मान खाली घातली. “मावशी, मी मटण बाजूला काढून ठेवीन. मला फक्त गरम हवंय.”

रस्साच मटणाचा, त्यात बाजूला काय काढणार कपाळ? वाढलं असतं तर उद्या तिच्या बापाला तोंड कसं दाखवलं असतं? मी तिला गार डबाच दिला. तो तसाच परत आला. मला रात्रभर स्वतःचाच राग येत राहिला.

मंगळवारी मी तक्ता भिंतीकडे तोंड करून टांगला. नणंदेने दिलेलं भलंमोठं पातेलं माळ्यावर कोरंच पडून होतं, ते आणलं. भाजी त्यात, मटण शाळेच्या पातेल्यात, डावही वेगळा. भाजी सगळ्यांना, मटण हवं त्याला वरून.

मुख्याध्यापक खाली आले. तक्ता कुणाला विचारून बदलला, म्हणाले.

“सगळ्यांना सारखं हवं होतं ना? घ्या.”

संध्याकाळपर्यंत लेखी खुलासा द्या, एवढं बोलून ते गेले. देईन की.

खारूताईची पाळी आली. फॉर्म मी तिच्या हातात परत दिला, बाबांकडून भरून आण म्हटलं, आणि ताट वाढलं. ती कोपऱ्यात जाऊन बसली. जेवेचना. दोन्ही तळवे ताटाला लावून नुसती बसून राहिली. घंटा व्हायला दहा मिनिटं उरली, तरी तशीच.

शेवटी मी डाव आपटून ओरडले, “अगं जेव की, गार होईल.”