राहिलेली निम्मी किंमत

सन एकोणीसशे बाहत्तर, हिवाळा, जानेवारीचा दुसरा रविवार. त्या सकाळी मी एका हातातून दुसऱ्या हातात गेलो. मी केस कापायचं हातमशीन बोलतोय. दोन मुठी, एक स्प्रिंग आणि पुढे दातांच्या दोन पट्ट्या, एवढाच माझा देह. मला वीज लागत नाही. हात लागतो.

मला कुठल्याशा कारखान्यात बनवलं. पण तो काही मी माझा जन्म धरत नाही. उस्तादांनी मला पहिल्यांदा तेल घातलं, तिथून माझं आयुष्य सुरू झालं. उस्ताद म्हणजे आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरचे केस कापणारे. दुकानात दोन खुर्च्या, एक लांब आरसा, भिंतीला टेकलेला बाक. नऊ वर्षं मी त्यांच्या उजव्या हातात होतो. त्या नऊ वर्षांत मी एकाही मानेवर ओरखडा काढला नाही. माझ्यात बढाई मारण्यासारखं तेवढंच आहे, म्हणून सांगितलं.

गल्लीच्या दुसऱ्या टोकाला भट्टीवाला राहायचा. ओतकामाच्या कारखान्यात भट्टीवर होता म्हणून हे नाव. त्याची स्वतःची सात मुलं. त्या महिन्यात त्याची बहीण विधवा होऊन तीन मुलांना घेऊन कायमची राहायला आली. शिवाय म्हातारे आजोबा. केस कापायची अकरा डोकी झाली.

तो सगळ्यांना घेऊन दुकानात आला तेव्हा बाक पुरला नाही.

"भट्टीवाल्या, तुझी पलटण आली की माझी बाकीची गिऱ्हाइकं रस्त्यावर उभी राहतात," उस्ताद म्हणाले.

"पलटण आहे खरी. पगार मात्र एकाच शिपायाचा."

दोघंही हसले. लहानपणापासूनचे मित्र होते. पण उस्तादांनी त्याच्या बुटांकडे पाहिलं. बुटाचा तळ सुतळीने बांधला होता.

"एक ऐक. मी नवीन मशीन घेतलंय. हे जुनं तू घरी ने आणि पोरांचे केस घरीच काप. मी शिकवतो."

"किंमत सांग. फुकट नको."

"चाळीस डोक्यांची मजुरी."

"निम्मी आत्ता देतो. निम्मी..."

"निम्मी सवडीने दे रे. एवढ्या माणसांना घेऊन तू पळून जाणार कुठे?"

असा मी त्या घरात आलो. पोरं त्याला बाबा म्हणायची. मीही म्हणू लागलो.

घर आईच्या जोरावर चालत होतं. साबणाच्या झिजलेल्या चकत्या ती ओल्या करून एकमेकींवर दाबायची आणि नवी वडी तयार करायची. थोरल्याचा कोट चौथ्यापर्यंत पोचायचा, तोवर त्याच्या कोपरांना तीन रंगांची ठिगळं असायची. संध्याकाळी एकाच खोलीत दिवा लागायचा आणि सगळ्यांनी तिथेच बसायचं. कुणी कुरकुर केली की आत्या म्हणायची, "अंधारात जाऊन बस, तिथे भरपूर जागा आहे."

महिन्याच्या पहिल्या रविवारी मागच्या अंगणात स्टूल मांडलं जाई. वयाने थोरला तो आधी. बाबांना एकच कट येत होता. सगळी पोरं सोललेल्या बटाट्यांसारखी दिसायची. शाळेत त्यांना चिडवत. घरी येऊन सांगितलं तर आई म्हणायची, "डोकं झाकायला केस आहेत ना? बास."

फक्त बाबांना स्वतःचे केस कापता येत नव्हते. त्यासाठी ते उस्तादांकडेच जात आणि रोख पैसे मोजत. दर तीन महिन्यांनी मलाही सोबत नेत. उस्ताद मला खोलत, दातांत अडकलेले केस ब्रशने काढत, धार लावत. त्याचे पैसे घेत नसत.

"माझं हत्यार बोथट झालेलं मला बघवत नाही," म्हणत.

राहिलेल्या निम्म्या किमतीचा विषय त्यांनी कधी काढला नाही. बाबाही दर महिन्याला ठरवत आणि दर महिन्याला कुणाचे तरी बूट फाटत.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. चूक पुढे झाली.

शेजारणीचा मुलगा एकदा आमच्या रांगेत येऊन उभा राहिला. बाबांनी त्याचेही केस कापले. पैसे घेणं त्यांना पटणारं नव्हतं. दुसऱ्या दिवशी शेजारीण दोन अंडी देऊन गेली. आईने ती ठेवून घेतली. पुढच्या महिन्यात चार जण आले. कुणी साबण आणला, कुणी कोळसा, कुणी पीठ. आईने भिंतीवर खिळा ठोकून माझ्यासाठी जागा केली. म्हणाली, "हे मशीन आपल्या घरातलं पंधरावं कमावतं माणूस आहे." बाकी चौदांत एकटे बाबाच कमावत होते, हे सगळ्यांना माहीत होतं. सगळे हसले. मलाही बरं वाटलं. आज त्याची शरम वाटते.

सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात कारखान्याने आठवड्यातला एक दिवस कमी केला. सगळ्या गल्लीचा पगार घटला. लोकांनी आधी कशावर काट मारली असेल, तर केसांवर. आमच्या अंगणात रविवारी वीस-वीस माणसं बसू लागली. उस्तादांनी आधी एक खुर्ची विकली. मग नवीन मशीन विकलं.

एका रविवारी ते स्वतः आले. कुंपणाबाहेरच उभे राहिले.

"भट्टीवाल्या, तुझी अकरा तू काप. जन्मभर काप. पण बाहेरच्यांना माझ्याकडे पाठव. माझं दुकान बसलंय."

बाबांच्या हातात मी होतो. समोर एकाच्या अर्ध्या मानेवरचे केस कापून झाले होते. दारात आई उभी होती आणि तिच्या हातात अंड्यांची टोपली होती. धाकट्या दोघांना डॉक्टरने रोज एक अंडं द्यायला सांगितलं होतं.

"मी कुणाला बोलावत नाही," बाबा म्हणाले. "लोक आपले आपण येतात."

उस्तादांनी मान हलवली. मग हात पुढे केला. "आण ते. धार गेल्याचा आवाज इथपर्यंत येतोय."

बाबांनी मला कुंपणावरून दिलं. उस्तादांनी दुकानात नेऊन धार लावली, तेल घातलं आणि तासाभरात परत आणून दिलं. ज्या हातांनी मला घडवलं, ते मी रिकामे करत होतो आणि तेच हात मला धार लावत होते. मला तोंड असतं तर त्या दिवशी मी कापायला नकार दिला असता. मला दातच आहेत.

त्यानंतर बाबांना दुकानात जायला तोंड राहिलं नाही. केस वाढले. शेवटी आईनेच मला हातात घेतलं आणि त्यांचे केस कापले. वाकडे कापले. "तेवढेच वाचले," ती म्हणाली. बाबांनी आरशात पाहिलं नाही.

उस्तादांचं बाबा हे एकच गिऱ्हाईक उरलं होतं. पुढच्या महिन्यात दुकानाला कुलूप लागलं. आरसा उतरवून हातगाडीवरून नेला, तेव्हा त्यात सगळी गल्ली उलटी दिसत गेली. उस्ताद गोदामात पोती उचलायला लागले. वय पन्नासच्या पुढे. कैचीच्या वजनाची सवय असलेला हात.

मी आता कपाटावर खोक्यात पडून आहे. स्प्रिंगला गंज चढलाय. पोरं मोठी झाली, आपापल्या घरी गेली, चांगल्या दुकानांत केस कापून घेतात. मला कुणी विचारत नाही आणि माझी तक्रारही नाही. तुमच्याकडे एकच मागणं आहे. काटकसर करा. मोठ्या घराला ती करावीच लागते, त्यात कमीपणा नाही. पण घरात एक पैसा वाचला की तो कुणाच्या घरात जायचा राहिला, हे एकदा बघून या. दूर जावं लागत नाही. बहुतेक वेळा तो माणूस गल्लीच्या टोकालाच असतो.

शेवटचं सांगतो आणि गप्प बसतो.

एकोणऐंशीच्या पावसाळ्यात उस्ताद दवाखान्यात असल्याचं कळलं. छाती भरली होती. बाबांनी आईला एवढंच सांगितलं, "पैसे काढ." आईने पिठाच्या डब्यामागून पुरचुंडी काढली. धाकट्याच्या फीचे पैसे होते. बाबांनी मला फडक्यात गुंडाळलं आणि निघाले.

दुपारची वेळ. उस्ताद उशीला टेकून बसले होते. केस कानांवर आले होते. ज्यांनी स्वतःचा एक केस कधी कानाला लागू दिला नाही, ते उस्ताद. बाबांनी त्यांच्या खांद्यावर टॉवेल टाकला.

उस्तादांनी आधी मला हातात घेतलं. दोनदा मूठ दाबली. कान देऊन ऐकलं. बोटं सुजली होती, तरी मला ती ओळखीची वाटली. मग त्यांनी मला बाबांकडे दिलं आणि मान खाली घातली.

बाबांनी फार सावकाश कापले. धार नव्हती, तरी मी केस ओढू दिला नाही. जमेल तेवढं सगळं केलं. मानेवरचे केस फडक्याने झटकून झाल्यावर बाबांनी पुरचुंडी काढून चादरीवर ठेवली.

"वीस डोक्यांची मजुरी. आजच्या भावाने."

उस्तादांनी पैसे मोजले. बरोबर होते. त्यातून त्यांनी आपल्या एका डोक्याची मजुरी वेगळी काढली आणि बाबांपुढे धरली. बाकीचे पैसे उशीखाली ठेवले.

बाबांनी ती घेतली.