जिना फिरवताना

मला राग लगेच येतो आणि लवकर जात नाही. ही हकिकत सांगायला बसले आहे म्हणजे तो अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते.

आमचा लाकडी जिन्यांचा कारखाना आहे. नवरा लाकूड आणि कारागीर सांभाळतो, धाकटा दीर गिऱ्हाइकं आणि कॉम्प्युटर सांभाळतो, आणि जिन्यांची ड्रॉइंग मी काढते. आमची मुलगी बालवाडीत होती तेव्हापासून काढते. आता ती कॉलेजात जाते. आधी कागदावर काढायची, मग कॉम्प्युटरवर. रंध्याच्या मशीनला लागून काचेची एक खोली आहे, तिथे माझं टेबल. दार कितीही लावा, भुसा आत येतोच. सकाळी स्क्रीन पुसल्याशिवाय माझ्या कामाला सुरुवात होत नाही.

कॉम्प्युटरवर विंडोजच्या जागी लिनक्स आहे. ते दिरानं घातलं आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. माझं लॉगिन वेगळं, त्याचं वेगळं, दोघांत कसली ढवळाढवळ नाही. माझा राग लिनक्सवर नाहीच. तो माणसांवर आहे.

झालं असं की, एका बाईंचा जिना माझ्याकडे आला. शाळेत मुख्याध्यापिका होत्या, आता निवृत्त. घर अरुंद, जिन्याला मधेच वळण, आणि त्यांचा एक गुडघा दुखरा. वळणावर पाय टाकताना हात कठड्यावर नेमका कुठे येईल, हे त्यांना आधी बघायचं होतं. रास्त मागणी होती. मी पायऱ्या ठरवल्या, कठडा बसवला, आणि दुसऱ्या बाजूनं कसा दिसतो ते बघायला जिना स्क्रीनवर फिरवला. खिडकीच्या खिडकी गायब. ना काही सूचना, ना विचारणा. मागे नुसता निळा पडदा.

पुन्हा उघडला, पुन्हा फिरवला, पुन्हा गायब. मी दिराला हाक मारली.

तो आला, मला उठवलं, आपलं लॉगिन उघडलं, तोच जिना उघडला आणि गरागरा फिरवून दाखवला. काही झालं नाही.

"चालतंय की, वहिनी," तो म्हणाला. "तू माऊस जोरात फिरवतेस. हळू फिरव जरा."

मी ते खरं मानलं, याचं मला आज सगळ्यात जास्त वाईट वाटतं. झोपलेल्या बाळाची कूस बदलावी तसा मी तो जिना फिरवायला लागले. तो तितक्याच हळुवारपणे बंद पडायला लागला.

घरात एखादी गोष्ट एकदा बोलली गेली की तिला पाय फुटतात. दुसऱ्या दिवशी नवरा म्हणाला, "अगं, तुझा हातच जड आहे. दारं पण आपटतेस." मग सासूबाईंनी री ओढली. त्या दुपारी कारखान्यात येतात, सगळ्यांचा चहा करतात आणि माझ्या खोलीत खुर्ची टाकून बसतात. माऊसला त्यांनी जन्मात हात लावलेला नाही. पण मी जिना फिरवायला लागले की त्या काळजीनं म्हणायच्या, "हळू फिरव गं बाई."

मग एके दिवशी त्या मुख्याध्यापिका बाई जिना बघायला आल्या. दीर बाहेर गेला होता, म्हणून माझ्याच लॉगिनवर दाखवायचं ठरलं. बाई माझ्या खुर्चीमागे पर्स छातीशी धरून उभ्या राहिल्या. मी फिरवला, गेला. पुन्हा उघडला, गेला. तिसऱ्यांदा नवरा हसला आणि त्यांना म्हणाला, "ही अजून शिकतेय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या माणसाच्या कारखान्यातून बाहेर पडलेला जवळपास प्रत्येक जिना माझ्या हातून उतरलाय, तो गिऱ्हाइकासमोर म्हणतो, ही अजून शिकतेय. बाई शनिवारी पुन्हा येते म्हणाल्या आणि गेल्या.

संध्याकाळी घरी जाताना नवऱ्यानं गाडीत विषय काढला. बाहेरचा एक ड्रॉइंगवाला आहे, त्याला शनिवारी बोलावलंय. हा जिना तो घेईल आणि यापुढचं कामही तोच बघेल.

"तुला उगाच त्रास नको," तो म्हणाला. "बरीच वर्षं केलंस. आता जरा आराम कर."

आराम. एवढ्या प्रेमानं मला कोणी कधी कामावरून काढलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी ड्रॉइंग बाजूला ठेवलं आणि त्या बिघाडाच्या मागे लागले. इंटरनेटवर प्रश्न टाकला. एकानं उत्तर दिलं की, हे सगळं माहितीपुस्तिकेत लिहिलेलं आहे, आधी वाचायला शिका. जगभर दीर पसरलेले आहेत असं मला तेव्हा वाटलं. पण दुसऱ्या कोणी तरी सरळ सांगितलं: आयकॉनवर क्लिक करून नको, टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीतून, प्रोग्राम सुरू करा, म्हणजे पडताना तो शेवटचं काय बोलतो ते दिसेल. तसं केलं. जिना फिरवला, प्रोग्राम पडला, आणि त्या काळ्या खिडकीत शेवटच्या ओळींमध्ये स्क्रीनवर चित्र काढणाऱ्या ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरचं नाव आलं. कॉम्प्युटर आणि त्या कार्डाच्या मधला जो दुभाष्या असतो, तो. माझ्या हाताचा उल्लेख कुठेही नव्हता.

मी ते दिराला दाखवलं. "असेल," तो म्हणाला. "पण मग माझ्याकडे का पडत नाही?"

त्याच्या या एका प्रश्नावर माझं सगळं अडायचं. मी ड्रायव्हर नवा घातला, मग जुना परत आणला. सॉफ्टवेअरला जोडलेली सगळी वरची खेळणी काढून टाकली. सगळी सेटिंग पुसली. म्हटलं, जिनाच जड असेल; तर रिकाम्या फाइलमध्ये एक साधा ठोकळा काढला आणि तो फिरवला. ठोकळाही गेला.

शेवटी त्या इंटरनेटवरच्या भल्या माणसानं सुचवलं की, एक कोरं लॉगिन तयार करा, ज्यात कोणी काही बदललेलं नाही, आणि तिथे करून बघा. मी केलं. तिथेही पडला.

मी माऊस सोडला आणि खुर्चीत मागे टेकून बसले. कोऱ्या लॉगिनमध्ये पडतो, माझ्यात पडतो, फक्त दिराच्या लॉगिनमध्ये पडत नाही. आम्ही सगळे इतके दिवस माझ्याकडे काय बिघडलंय ते शोधत होतो. माझ्याकडे काहीच बिघडलं नव्हतं. मशीन सगळ्यांसाठीच बिघडलेलं होतं, आणि दिराकडे त्याच्यावरचं औषध होतं.

दुपारी तो गिऱ्हाइकाला काही तरी दाखवून लॉगिन उघडंच ठेवून चहाला उठला. मी खुर्चीत बसले आणि माझाच जिना कणीक तिंबावी तसा फिरवला. दारं आपटणाऱ्या जड हातानं. तो हलत डुलत फिरत राहिला, जरा सावकाश, पण पडला नाही. मग मी त्याच्या आयकॉनमध्ये काय आहे ते उघडून बघितलं. माझ्या आयकॉनमध्ये नुसतं प्रोग्रामचं नाव आहे. त्याच्या आयकॉनमध्ये नावाच्या आधी आणखी थोडी अक्षरं होती. त्यांचा अर्थ एवढाच की, ग्राफिक्स कार्डाच्या वाटेला जाऊ नकोस, चित्र त्याच्याशिवायच काढ.

तो चहाचा कप घेऊन आत आला.

"भाऊजी, हे काय आहे?"

त्यानं वाकून बघितलं. "हे होय? तुझा हा जिना यायच्या जरा आधी नवीन कार्ड बसवलं ना, तेव्हा माझंही असंच पडत होतं. मग हे घातलं."

"तुमचंही पडत होतं?"

"हो ना. वैताग आला होता नुसता."

तो खोटं बोलत नव्हता, काही लपवत नव्हता. लपवलं असतं तर मला बरं वाटलं असतं, भांडता आलं असतं. त्याचं पडलं तेव्हा त्यानं कार्डावर संशय घेतला. माझं पडलं तेव्हा माझ्यावर घेतला. दोन्हींचं कारण एकच असेल हे त्याच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. माझ्या टेबलावर काही बिघडलं तर ते मीच बिघडवलेलं असणार, इतकं ते त्याला उघड होतं.

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"अगं, लक्षातच नाही आलं. थांब, तुझ्याकडेही टाकतो. एका मिनिटाचं काम आहे."

"नको," मी म्हणाले. "माझं मी टाकेन. तुमचं काढा."

"काय काढू?"

"ती अक्षरं. आत्ता काढा. आणि शनिवारी बाई यायच्या आधी सगळ्यांसमोर तुम्ही जिना फिरवून दाखवा."

तो हसला. मी हसले नाही. मग त्यानं कप खाली ठेवला आणि ती अक्षरं काढली.

शनिवारी मी नवऱ्याला काचेच्या खोलीत बोलावलं. सासूबाई आपल्या खुर्चीत होत्याच. दिराला माझ्या जागेवर बसवलं. त्यानं आपल्या लॉगिनमध्ये जिना उघडला, माऊस धरला आणि अगदी जपून, अगदी सावकाश फिरवला. पायऱ्या जेमतेम वळल्या आणि खिडकी गायब झाली.

"हळू फिरव रे," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी ते काळजीनंच म्हटलं होतं, रोज मला म्हणत तसं. दिराचे कान लाल झाले. त्यानं पुन्हा उघडला, पुन्हा गेला. मग मी त्याला उठवलं, माझ्या लॉगिनमध्ये शिरले, तिथे ती अक्षरं मी आदल्या दिवशीच घातली होती. जिना पूर्ण फिरवला, वरून दाखवला, खालून दाखवला, वळणावर नेऊन थांबवला.

नवऱ्यानं दिराकडे बघितलं. दिरानं सगळं सांगितलं, खाली मान घालून, पण सांगितलं. मग नवऱ्यानं खिशातून फोन काढला आणि त्या ड्रॉइंगवाल्याला लावला.

"येऊ नका," तो म्हणाला. "कॉम्प्युटरचा प्रॉब्लेम होता, सुटला."

महिनाभर तो प्रॉब्लेम माझ्या हाताचा होता. दिराच्या हातात पडल्याबरोबर तो कॉम्प्युटरचा झाला.

मी काही बोलणार, तेवढ्यात मुख्याध्यापिका बाई दारात आल्या. तीच पर्स, तशीच छातीशी धरलेली. मी त्यांना खुर्ची दिली आणि जिना वळणावर आणून ठेवला. त्यांनी हात पुढे करून स्क्रीनवरच्या कठड्यापाशी धरला, जणू चढतच होत्या. "इथे," त्या म्हणाल्या. "अगदी इथेच हवा होता." मग माझ्याकडे वळल्या. "मागच्या वेळी काय झालं होतं हो?"

"काही नाही, जरा कॉम्प्युटरचा..." नवऱ्यानं सुरुवात केली.

"कॉम्प्युटर पहिल्या दिवसापासून खरं सांगत होता," मी म्हणाले. "यांनी ऐकलं नाही. आणि तुम्हाला जे सांगितलं होतं, की ही अजून शिकतेय, ते यांना आता परत घ्यायचंय."

बाई नवऱ्याकडे बघत थांबल्या. वर्गाला गप्प करून उत्तराची वाट बघणारी ती जुनी नजर होती, घाई अजिबात नव्हती.

नवऱ्यानं ते शब्द परत घेतले.