कपावरचं बोळकं

धाकटी तशी शांत बाई. पण त्या दिवशी सकाळी लॅबच्या मालकांनी टेबलावर कप ठेवला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कपावर तिची आई होती. तोंडात एकही दात नाही, डोळे मिटलेले, मनापासून हसणारी. आणि खाली लाल अक्षरांत, ‘वेळेत या, नाहीतर असं होईल!’

“बघ, तुझ्याच पेजवरून मागवले,” मालक खुशीत म्हणाले. “शंभर! सगळ्या डेंटिस्टांना भेट द्यायला. घरच्या माणसाचं काम आपण नाही घ्यायचं तर कुणी? ओळ मात्र माझी हं. कोण गं ही म्हातारी? कुठून शोधलीस?”

आता काय सांगणार, कपाळ? “ओळखीतली आहे,” एवढंच ती म्हणाली. कप पिशवीत कोंबला, डोकं दुखतंय म्हणून सुट्टी टाकली आणि निघाली. डोकं खरंच दुखत होतं.

धाकटी कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती. दातांचा रंग जुळवणं हे तिचं काम. पांढरा म्हणजे पांढरा, असं तुम्हाआम्हाला वाटतं. तिला त्यात चहाचा पांढरा, तंबाखूचा पांढरा आणि खोटं बोलणारा पांढरा वेगळा दिसायचा. संध्याकाळी आणि रविवारी ती चित्रं काढायची आणि कपांवर छापून ऑनलाइन विकायची. विकायची म्हणजे, विकायचा दादा. चित्राखाली गोडगोड मजकूर लिहायचा तिला मनस्वी कंटाळा. म्हणून दोघांच्या फोनवर ‘विकायला’ नावाचा एक अल्बम होता. चित्र झालं की ती फोटो त्यात टाकायची. रविवारी दादा अल्बम उघडायचा आणि असेल नसेल ते पेजवर चढवायचा. इतकी वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

आईची कवळीही धाकटीनेच बनवलेली. आई भारी मानी. तिचं बोळकं पोटच्या पोरानेसुद्धा पाहिलेलं नव्हतं. रोज जेवण झालं की ती मोरीशी येऊन कवळी काढायची आणि धाकटीच्या तळहातावर ठेवायची. धाकटी घासायची, तोवर आई शेजारी उभी राहून दिवसभराच्या उखाळ्यापाखाळ्या काढायची, फसफसत्या उच्चारात, आणि स्वतःच हसायची. तेच हसू धाकटीने रंगवलं. “काढ बाई काढ,” आई म्हणाली होती. “पण ते तुझ्यामाझ्यातच राहू दे. बाहेर गेलं तर मी मेले असं समज.”

घरी दादा लॅपटॉपसमोर बसलेला. तिने कप त्याच्यासमोर आदळला.

“लाज नाही वाटली? आई आहे ती आपली!”

“अगं, हळू! आत पडलीये ती.” दादा दचकला. “आणि मला काय माहीत तिला चालणार नाही ते? आजवरचं सगळ्यात जास्त खपलेलं चित्र आहे ते. लोक वेडे झालेत! तुला रविवारी सांगून चकितच करणार होतो.”

“चकित! अरे, विचारावं तरी एका शब्दाने!”

“विचारू कशाला? तूच टाकलंस ना अल्बममध्ये? हे बघ.” त्याने फोन तिच्या नाकासमोर धरला. “तू टाकायचं, मी चढवायचं. ठरलंय आपलं.”

फोटो तिथे होता. तिनेच टाकलेला. सवयीने गेला असेल, असं म्हणायला तिने तोंड उघडलं. सवय कसली डोंबलाची! त्या दिवशी बोट त्या अल्बमवर थांबलं होतं, चांगलं घटकाभर. इतकं सुंदर आलंय, कुणीतरी बघावं, एकाने तरी, असं वाटलं होतं तिला. दादा काय, आयतं मिळालं ते विकून मोकळा झाला. आता ओरडायचं कुणावर? राग तर उतू चाललेला, आणि ओतायला दुसरं भांडं नाही.

“काढून टाक,” ती म्हणाली. “आत्ताच्या आत्ता.”

“पेजवरून काढतो. पण जे कप लोकांच्या घरी गेलेत, ते कुठून काढू?”

“काय काढायचंय?”

आई दारात उभी होती. धाकटीने कपावर झडप घातली, पण उशीर झाला होता. आईने तो उचलला, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि चित्र पाहिलं. मग खालची ओळ वाचली. एकेक शब्द, ओठ हलवत.

“आई, ती ओळ माझी नाही गं. शपथ. ती मालकांनी...”

“ओळ नसेल तुझी,” आई म्हणाली. “हसू तर माझंच आहे ना?”

कप तिने ओट्यावर उपडा ठेवला आणि भाजी निवडायला घेतली. दादा दोनदा खाकरला. धाकटीने “आई, चुकलं माझं, मीच टाकला फोटो,” असं सांगून टाकलं. “बरं,” आई म्हणाली. शिव्या दिल्या असत्या, चार थोबाडीत मारल्या असत्या तरी चाललं असतं. धाकटीला आता आईचाच राग यायला लागला, आणि त्या रागाचीही तिला चीड आली.

जेवणं झाली. धाकटी नेहमीसारखी ब्रश घेऊन मोरीशी गेली आणि हात पुढे केला.

आई तिच्या बाजूने आत गेली. दार लोटलं. आतून कडी लागली आणि नळ सुरू झाला.

धाकटी कोरडा ब्रश घेऊन बाहेर उभी राहिली. आत आई एकटीच घासत होती, आणि काहीच बोलत नव्हती.