पिल्लांची वेळ

बुनलर्टची आई माणसं विसरत चालली होती. फोनवर धाकटी बहीण सांगत होती, "दादा, काल मलाच विचारलं, तू कोणाची गं पोर? यंदा सोंगक्रानला, नववर्षाच्या सणाला ये. पुढच्या वर्षी ती तुला ओळखेल, असं मला नाही वाटत. आणि तुझं नाव घेतलं की ती..."

पिल्लांची वेळ झाली.

फोन कट्ट्यावर पडला. फायटर माशांची पिल्लं म्हणजे दोन डोळे असलेला केसाचा तुकडा. घास चुकला की मेलीच. बुनलर्टने पहाटे ओढ्यातून फडक्याने गाळून आणलेल्या जलपिसवा, पाण्यातले ठिपक्याएवढे किडे, टबांत सोडल्या. हे काम सासऱ्याला, सम्रुएला, जमत नव्हतं. मोतीबिंदूमुळे त्याला पाणी दिसे, पिल्लं दिसत नसत. बायको बँकॉकला कपड्यांच्या कारखान्यात, रविवारी येई.

"बाबा, यातले नर बाटल्यांत गेले की गावी जाऊन येतो."

"जा की! मी काय तुला दावणीला बांधलंय? बाटलीतल्या माशाला आंधळाही खायला घालेल."

कुंपणापलीकडून लामयाई मावशी खिदळली. "सम्रुए, दोन बाटल्यांमध्ये पुठ्ठा लावतोस, नर एकमेकांना दिसू नयेत म्हणून. जावयाभोवती पण लावलास का रे? दोन वर्षांत वेशीबाहेर गेला नाही बिचारा."

"मावशी, तसं नाही. गेल्या वर्षी निघालोच होतो, पण..."

पिल्लांची वेळ झाली.

पिल्लं वाढली. नर भांडू लागले तसा बुनलर्टने एकेक उचलून बाटलीत टाकला. टब मोकळे झाले. बसचं तिकीट खिशात आलं. पिशवीत आईला नेसायला सुती वस्त्र होतं.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी तांब्याच्या रंगाचा नर आणि त्याच्या शेजारची मादी यांच्यामधला पुठ्ठा जमिनीवर पडलेला.

"पुठ्ठा कोणी काढला?"

"मी," सम्रुए म्हणाला. "बघू दे की जरा एकमेकांना. तू तर निघालास. तुझं काय जातंय?"

नराने पाण्यावर फेसाचं घरटं बांधलं होतं. मादीचं पोट अंड्यांनी भरलेलं, अंगावर ती तयार असल्याचे उभे पट्टे. हा तांबूस रंग उतरायला बुनलर्टच्या हातून माशांच्या तीन पिढ्या गेल्या होत्या. आज सोबत सोडली नाही तर मादी अंडी गाळून टाकणार, वाया जाणार. आणि सोडली तर सणाच्या दिवशी नवी पिल्लं तोंड वासून तयार. हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

नर तिला घेतो का, एवढंच बघू, असं तो स्वतःशी म्हणाला. दोघांना टबात सोडलं.

दुपारी नराने मादीला विळखा घातला. अंडी रव्यासारखी खाली झरू लागली आणि नर ती तोंडाने टिपून फेसात ठेवू लागला. बुनलर्टने मादी बाजूला काढली. तिथेच ठेवली असती तर आता नराने तिला फाडून टाकलं असतं.

"झालं?" सम्रुएने दारातून विचारलं.

"झालं."

"मी सोड म्हणालो नव्हतो हं."

"नाही, बाबा."

"मग माझ्या माथी खापर फोडू नकोस."

रात्री त्याने बहिणीला फोन करून येणं होत नाही म्हणून सांगितलं. तिने विचारलं, "कोणी अडवलं का तुला?"

"कोणी नाही."

"मग?"

या वेळी फोन ठेवायला पिल्लांची वेळही झाली नव्हती. अंडी अजून फुटायची होती.

सणाच्या सकाळी बायको आली. सम्रुए नवा सदरा घालून खुर्चीत बसला आणि त्याने दोन्ही हात पुढे केले. बुनलर्ट गुडघ्यांवर बसला. या सणाला आशीर्वादासाठी थोरांच्या हातांवर घालायचं मोगऱ्याचं पाणी त्याने वाडग्यातून सासऱ्याच्या तळव्यांवर हळूहळू ओतलं.

"सुखी राहा, पोरा," सम्रुए म्हणाला. आवाज खरंच कातर झाला होता. "या घराला कधी अंतर देऊ नकोस."

बायकोने डोळे पुसले. वाडगं रिकामं झालं, तरी म्हाताऱ्याने हात मागे घेतले नाहीत.