ऑटोचा उजवा हात

ऑटो डावखुरा निघाला म्हणून निएमींच्या घरात आनंदीआनंद होता. त्याचे आजोबा डावखुरे, काका डावखुरा, आणि कॅनडातल्या थंडर बे गावात डावखुऱ्या हॉकीवाल्याचा भाव काय विचारता! बापाने, कर्टिसने, तर हॉकीची चिमुकली डावी काठी आणून भिंतीवर टांगलीसुद्धा.

ऑटोची आई, डाना, नुसती होकारार्थी मान हलवायची. पोर तीन महिने आधीच जन्मलं, लगेच त्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला, तेव्हापासून ती सगळ्यालाच मान हलवत होती. रडू नाही, हसू नाही. काचेच्या पेटीशी बसायचं, दूध काढायचं, बाटलीवर नाव चिकटवायचं. घरी आल्यावरही तेच. फक्त पेटी नव्हती.

हॉस्पिटलातल्या नर्सचं एक बोलणं तेवढं डोक्यात राहिलं होतं. वर्षाच्या आत बाळाने हात निवडायचा नसतो. निवडलाच, तर दुसरा का मागे राहिला ते दाखवून घ्यायचं.

हे ती कुणाला बोलली नव्हती. खुळखुळा मात्र न चुकता डावीकडूनच द्यायची. बाळ झडप घालायचं, घर टाळ्या वाजवायचं.

ऑटोच्या वाढीच्या तपासणीला सासूबाईही आल्या, वेलचीच्या पावाचा डबा घेऊन. नातवाच्या त्या मुम्मो, म्हणजे फिनिश भाषेत आजी, म्हणून साऱ्या आळीच्याच मुम्मो.

"लिहून घे गं, डावखुरा आहे," त्या दारातूनच म्हणाल्या. "चार वर्षांनी तिकीट काढून बघायला येशील त्याला."

"आधी रांगू तर दे वाघाला, मुम्मो," जोसेट म्हणाली. हात-पाय तपासणारी ती. "डाना, मांडीवर घे बघू."

डानाने घेतलं. त्याची उजवी मूठ सवयीनेच तिच्या तळव्याखाली गेली. जोसेटने ठोकळा पुढे केला. ऑटोने तो डाव्या हाताने उचलला. दुसरा दिला, तर पहिला टाकून डाव्यानेच तोही घेतला.

"घरी उजव्याने घेतो?"

"घेतो की!" मुम्मो.

"तुला नाही गं विचारलं. डाना?"

मान हलणारच होती. थोडी हललीही. मग डानाने तळवा उचलला. इवलीशी मूठ, अंगठा आत दडपलेला.

"नाही घेत," ती म्हणाली. "मी झाकते."

"कधीपासून?"

"काठी आणली त्याच्याही आधीपासून."

मुम्मोंच्या हातातलं डब्याचं झाकण तसंच राहिलं. "अगं, मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सगळे किती खूश होतात."

"आम्हा खुळ्यांना काय, कशानेही खूश होतो!" मुम्मो खेकसल्या, आणि खिडकीकडे तोंड करून बसल्या.

जोसेट रागावली नाही. ऑटोच्या डाव्या हातावर तिने मऊ मोजा चढवला. "चांगल्याला जरा सुट्टी देऊ. रोज थोडा वेळ. मेंदू कोवळा आहे तोवर शिकतो. किती, ते मी आत्ता नाही सांगू शकत."

ऑटोने मोजा झटकला, चावला, मग ठणाणा सुरू केला.

"काढ गं तो, जीव जातोय पोराचा," मुम्मो उठल्या.

"राहू दे," डाना म्हणाली.

डानाला वाटलं, आता तरी आत काहीतरी हलेल. काही हललं नाही. तिने त्याच्या मुठीतून अंगठा अलगद बाहेर काढला, ठोकळा उजवीकडे ठेवला, आणि त्या रडण्यात वाट बघत बसली.