परसातला खड्डा

भूमेश्वरी गोंदियाकडच्या कामठ्याजवळ एका शेतकरी घरात सून म्हणून आली, त्याच्या तिसऱ्या उन्हाळ्यात, म्हणजे दोन हजार सहा साली, तिचे सासरे मनिराम परसात खड्डा खोदू लागले. शेणखतासाठी, असं त्यांनी सांगितलं. शेतातल्या धानाच्या बांध्या भेगाळून पडल्या होत्या, हाताला काम नव्हतं. कोणाला वावगं वाटलं नाही.

खड्डा कमरेइतका झाला, मग डोक्याच्या वर गेला. मनिराम थांबेनात. भर दुपारी गाव दारं लावून पडायचं आणि परसातून कुदळीचा आवाज येत राहायचा. जेवायला हाक मारली की ते खेकसायचे. एकदा भाजीत मीठ कमी म्हणून त्यांनी ताट अंगणात भिरकावलं.

"काम करून राहिले ना? मंग?" सासू रुख्मिणीबाई म्हणायच्या.

भूमेश्वरीला मात्र तो आवाज सोसवेना. आदल्या वर्षी बाळंतपणानंतर ती स्वतः भिंतीकडे तोंड करून पडली होती. रडायची, पोरीला जवळ घ्यायची नाही. तेव्हा अख्ख्या गावानं ओळखलं, सुनेला काहीतरी झालंय. शेवटी भावानं गोंदियाला डॉक्टरकडे नेलं, तेव्हा कुठे ती उठून बसली.

एका दुपारी कुदळ थांबली ती थांबलीच. भूमेश्वरी परसात गेली. शिडी आत ओढून घेतलेली. मनिराम तळाशी उकिडवे बसून ओल्या मातीला कान लावून होते.

"मामाजी, काय आयकून राहिले?"

त्यांनी मान वर केली नाही. "हात थांबले का खालून कोनीतरी माह्यं नाव घेते. म्हणते, खोद, थोडंच राह्यलं."

भूमेश्वरी काठावर बसली. "मलेबी येत होता आवाज. भिंतीतून. मले म्हणे, नीज. उठू नको."

आता त्यांनी वर पाहिलं. "तू त रडत होती. मले रडूच नाही येत. मले काय झालं?"

"तोच आवाज हाय, मामाजी. मले निजवत होता, तुमाले खोदवून राहिला."

समोरच्या कडेचं एक ढेकूळ सुटून तळाशी पडलं. दोघंही तिकडे बघत राहिली.

"आयकलं?" मनिरामांनी हळूच विचारलं.

"आयकलं," ती म्हणाली. खरंच काही ऐकू आलं होतं का, हे तिला पुढेही कधी सांगता आलं नाही. "शिडी लावा. वर या."

त्यांनी शिडी लावली आणि एकेक पायरी चढत ते वर आले.

वडलांना डॉक्टरकडे न्यायचं म्हटल्यावर नवरा लोकेंद्र चिडला. "बाबूले पागल ठरवतं का?" तिनं वाद घातला नाही. सासऱ्यांना घेऊन ती एकटीच बसनं गोंदियाला गेली. डॉक्टरांनी झोपेचं विचारलं, रागाचं विचारलं, मग विचारलं, जीव द्यावासा वाटतो का? मनिराम आपल्या सोललेल्या तळहातांकडे बघत राहिले.

"खड्डा कोनासाठी होता, मले मालूम होतं," ते म्हणाले.

औषधं सुरू झाली. लोकेंद्रनं मुकाट्यानं ट्रॅक्टरनं खड्डा बुजवला. पावसाळाभर तिथली माती खचत राहिली. टाकली की पुन्हा खाली जायची.

दिवाळीच्या सुमारास एकदा मनिराम जेवता जेवता हुंदके देऊन रडू लागले. रुख्मिणीबाईंच्या हातातला पाण्याचा गडवा खाली पडला. "अवो, यायले काय होऊन राहिलं?"

"रडू द्या, सासूबाई," भूमेश्वरी म्हणाली, आणि तिनं मनिरामांच्या ताटात आणखी भात वाढला.